आधी दार, मग मोटर

यंदाच्या अंकाचा विषय ‘घर’ ठरला आणि संपादकांनी माझ्या वाट्याला दार दिलं. त्यातही गाडीचं दार, मोटरीवर उघडणारं. हल्ली घर बांधायला काढलेला माणूस फरशी, रंग आणि ओट्याचा ग्रॅनाइट ठरवता ठरवता हटकून विचारतो, ‘पार्किंगच्या शटरला मोटर लावून घेऊ का? आणि कोणती?’ पुण्या-नाशिकच्या शोरूममध्ये याचं उत्तर चहा संपायच्या आत मिळतं. तिथे गुळगुळीत फरशीवर, डोक्यावर छत आणि भिंतीत पक्की वीज असताना दार वर-खाली होत असतं. मला तेच दार पावसात, चिखलात आणि लाइट गेल्यावर कसं वागतं ते बघायचं होतं. म्हणून मी राजूर निवडलं.

अकोले तालुक्यातलं राजूर कोल्हार-घोटी रस्त्यावर आहे. पश्चिमेच्या डोंगरपट्ट्याची ही बाजारपेठ. पुढे शेंडी, भंडारदरा, बारी आणि कळसूबाईचा पायथा. आत वळलं की रतनवाडी आणि घाटघर. आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय इथे आहे. डांगी जनावरांचं प्रदर्शन इथे भरतं. भंडारदऱ्याहून परतणाऱ्या गाड्या पेढे घ्यायला इथे थांबतात. आश्रमशाळांत, सरकारी कचेऱ्यांत नोकरी केलेल्या माणसांनी इथे घरं बांधली आहेत आणि त्यांची मुलं नाशिक-पुण्याहून गाडी घेऊन येतात. त्यामुळे गेल्या काही वर्षांतल्या घरांचा नमुना ठरलेला दिसतो: खाली पार्किंग, त्याला शटर, नाहीतर पुढे लोखंडी गेट, आणि वर राहती जागा.

फळ्यांपासून शटरपर्यंत

जुन्या बाजारपेठांत दुकानाला फळ्या असायच्या. उंबऱ्यात आणि वरच्या चौकटीत खाच, त्यात एकेक फळी सरकवायची आणि शेवटच्या फळीला कडी-कुलूप. फळ्यांवर आकडे घातलेले असत, कारण तीन नंबरची फळी पाचच्या जागी बसत नसे. दुकान उघडायला आणि बंद करायला वेळ लागे, पण त्यात बिघडण्यासारखं काही नव्हतं. पावसाळ्यात लाकूड फुगलं तर सुतार रंधा मारून देई.

शटर आलं आणि उघडझाप मिनिटावर आली. राजूरच्या मुख्य रस्त्यावर सकाळी उभं राहिलं तर अर्ध्या तासात शटरांचे सगळे प्रकार ऐकू येतात. एक दुकानदार आकड्याने शटर खेचतो आणि ते सरसर वर जातं. दुसरा दोन्ही हात लावून, गुडघ्याचा टेकू देऊन कसंबसं कमरेपर्यंत आणतो आणि मग खांद्याने ढकलतो. दोन्ही शटरं सारख्याच मापाची असतात. फरक पत्र्याच्या वजनात नसतो, वर गुंडाळीत बसलेल्या स्प्रिंगमध्ये असतो. मोटर घ्यायची की नाही, घेतली तर कोणती, या सगळ्या प्रश्नाची किल्ली मला या फरकात सापडली.

‘आधी हाताने उचलून दाखवा’

मी ज्या घरी गेले ते एका निवृत्त शिक्षकांचं. आश्रमशाळेत नोकरी झालेली, त्यामुळे सगळं गाव त्यांना गुरुजीच म्हणतं. खाली पार्किंग, त्यात मुलाची गाडी, स्कूटर आणि एका बाजूला भाताच्या गोण्या. शटर दहा फूट रुंद, आठ फूट उंच, बसवून बरीच वर्षं झालेली. काकूंचे गुडघे दुखतात. गुरुजी अकोल्याला गेले असले तर शटर उघडायला शेजारच्या मुलाला हाक मारावी लागते. मोटर हवी ती यासाठी. या मागणीत चैन कुठेच नाही, आणि म्हातारपणी आपल्या घराचं दार आपल्याला उघडता येणं ही फार मोठी गोष्ट आहे असं मला मनापासून वाटतं.

संगमनेरच्या एका विक्रेत्याने फोनवरच सांगून टाकलं होतं, ‘सहाशे किलोची लावा, कसलंही शटर ओढून नेईल.’ गावातला फॅब्रिकेशनवाला मिस्त्री मात्र आला तो रिकाम्या हाताने. त्याने बाजूच्या गाईडमध्ये, म्हणजे शटर ज्या खाचेतून सरकतं तिच्यात, टॉर्च मारली, खालची पट्टी बोटाने खरवडली आणि म्हणाला, ‘गुरुजी, मोटर लावू. पण आधी तुम्ही हाताने उचलून दाखवा.’

गुरुजींनी उचललं. शटर कमरेपर्यंत आलं आणि डाव्या बाजूला तिरकं होऊन अडकलं. मिस्त्रीने ते सरळ केलं, छातीच्या उंचीवर आणलं आणि हात सोडला. शटर धाडकन खाली आलं.

‘बघा. स्प्रिंग मेली. चांगलं शटर अर्ध्यात सोडलं की जागच्या जागी राहतं. फार तर वीतभर हलेल.’

डाव्या गाईडला कधीतरी पिकअपचा धक्का बसून पोचा आला होता. खालच्या दोन पट्ट्या गंजून चाळणी झाल्या होत्या. अशा शटरला सहाशे किलोची मोटर लावली तर काय होईल, असं मी विचारलं. मिस्त्री म्हणाला, ‘ओढील ना! जिथं अडकलंय तिथं पट्ट्या फाडून ओढील. मोटरीला काय दिसतं?’

दहा बाय आठ फुटांचं शटर म्हणजे ८० चौरस फूट पत्रा. १८ गेजचा, म्हणजे साधारण सव्वा मिलिमीटर जाडीचा पत्रा घेतला तर पट्ट्यांच्या वळ्या आणि खालची पट्टी धरून वजन ९०-१०० किलोच्या घरात जातं. एवढं ओझं काकूंनी एका हाताने उचलावं अशी अपेक्षा शटर करतं, आणि स्प्रिंग नीट असेल तर ते जमतंही. शटर खाली येताना स्प्रिंगला पीळ बसत जातो. वर नेताना तोच पीळ सुटतो आणि ओझ्याचा मोठा वाटा उचलतो. माणसाला फक्त उरलेला फरक आणि घर्षण सोसावं लागतं. स्प्रिंग थकली की तो फरक वाढत वाढत शेवटी सगळं शटरच हातावर येतं. मग माणूस म्हणतो, ‘आता मोटर लावायला हवी.’ गरज असते ती पाचेक तासांच्या दुरुस्तीची.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. स्प्रिंगचा पीळ घरच्या माणसाने कधीही कमी-जास्त करायला जाऊ नये. पीळ भरलेली स्प्रिंग सुटली तर हातातला पाना फेकला जातो, बोटं तुटतात. ते काम शटरवाल्याचंच.

बाजूची मोटर की मधली

दार हाताने सहज हलायला लागलं की मगच मोटरीच्या प्रकाराकडे वळायचं. शटरसाठी आपल्याकडे मुख्यतः दोन तऱ्हा मिळतात.

पहिली बाजूची मोटर. शटरच्या गुंडाळीच्या एका टोकाला, भिंतीवर लोखंडी पत्र्यात ही बसते आणि साखळीने गुंडाळी फिरवते. हिच्यासोबत बहुतेक वेळा स्प्रिंग काढून टाकतात. सगळं ओझं मोटर उचलते. ३००, ५००, ६००, ८०० किलो असे आकडे सांगितले जातात ते हिचेच. मोठ्या गोदामाला, रुंद दुकानाला ही बरोबर आहे. वजन जास्त असलं तरी ती दमदारपणे उचलते.

दुसरी मधली मोटर. ही गुंडाळीच्या नळीवरच, मधोमध बसते. दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगा तशाच राहतात आणि तोल सांभाळतात. मोटरीला थोडीच ताकद लावावी लागते. वजनाची मर्यादा कमी, म्हणून खूप मोठ्या शटरला ती चालत नाही. पण घरच्या एका गाडीच्या शटरला सहसा पुरते.

शोरूममध्ये या दोघींत फारसा फरक जाणवत नाही. बटण दाबलं की दोन्ही दारं वर जातात. फरक कळतो तो लाइट गेल्यावर.

बाजूच्या मोटरीला हाताने चालवायची एक साखळी लोंबत असते. ती ओढत राहायची. गिअरमुळे जोर कमी लागतो, पण दर ओढीला शटर बोटभर सरकतं. आठ फूट शटर वर न्यायचं तर तरुण माणसाच्याही दंडाला घाम फुटतो. काकूंच्या हातून ते होणार नाही. मधल्या मोटरीत ब्रेक सोडवायची एक दोरी किंवा तार असते. ती ओढून कुलूप लावलं की मोटर मोकळी होते आणि स्प्रिंगवरचं शटर पूर्वीसारखं हाताने उचलता येतं. गुरुजींच्या घरासाठी माझ्या मते निकाल इथेच लागला.

बाजूचीच घ्यायची वेळ आली तर शटर पडू नये म्हणून वेगळा सुरक्षा ब्रेक मागून घ्यावा. स्प्रिंग नसलेल्या शटरची साखळी तुटली किंवा गिअर सरकला तर शंभर किलोचा पत्रा थेट खाली येतो. हा ब्रेक पैसे वाचवायला वगळतात, आणि ही बचत मला अक्षम्य वाटते.

लाइट

राजूरच्या आसपासच्या डोंगरांत वीज तयार होते. भंडारदऱ्याच्या पाण्यावर वीजकेंद्रं आहेत, घाटघरला २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प आहे. रात्री स्वस्त विजेने पाणी वर चढवायचं आणि मागणी वाढली की तेच खाली सोडून वीज काढायची, अशी त्याची रीत. पण गावात येणारी तार जंगलातून, ओढ्यावरून, उतारावरून येते. आषाढ-श्रावणात वारा सुटला, झाड आडवं झालं की फॉल्ट शोधायला वायरमनला भर पावसात चालत जावं लागतं. तोवर अंधार. इथल्या माणसाने दार निवडताना वीज नसण्याचाच हिशोब आधी करायला हवा.

दुसरा त्रास कमी व्होल्टेजचा. संध्याकाळी शेतीचे पंप आणि घरातले दिवे एकदम सुरू झाले की दाब खाली येतो. साध्या एसी मोटरीची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळाले तर व्होल्टेज सुमारे पंचमांशाने उतरलेलं दिसतं, पण मोटरीचा जोर जवळजवळ ४० टक्क्यांनी कमी होतो. मग ती गुंगुं करते, गरम होते आणि आतला उष्णतेचा स्विच तिला बंद पाडतो. अशा मोटरी सलग चार-पाच मिनिटंच चालाव्यात अशा बनवलेल्या असतात. मुलांनी खेळ म्हणून पाच-सहा वेळा शटर वर-खाली केलं की मोटर थांबते आणि घरच्यांना वाटतं जळाली. अर्धा तास तिला शांत राहू दिलं की बहुधा पुन्हा चालते.

घरच्या छोट्या इन्व्हर्टरवर ही मोटर चालेल असं बरेच जण गृहीत धरतात. सुरू होताना एसी मोटर नेहमीच्या कितीतरी पट करंट मागते, त्यामुळे इन्व्हर्टर हात वर करतो. याला चांगला उपाय म्हणजे २४ व्होल्टची डीसी मोटर. तिच्या पेटीतच बारा-बारा व्होल्टच्या दोन छोट्या बॅटऱ्या बसतात. लाइट गेल्यावर त्या काही वेळा दार उघडून-मिटून देतात. ती हळू सुरू होते, हळू थांबते आणि दार आपटत नाही. किंमत जास्त पडते, बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते. राजूरसारख्या ठिकाणी हा जास्तीचा खर्च मला योग्य वाटतो.

आणि तरीही हाताची सोय हवीच. प्रवरेवरचं भंडारदरा धरण १९२६ साली पुरं झालं; पावसाळ्यात तिथून आणि खालच्या निळवंड्यातून पाणी सोडल्याच्या बातम्या राजूरकर कान देऊन ऐकतात. धरणांच्या दरवाजांना मोटर असते, जनरेटर असतो आणि तरीही हाताने फिरवायचा दांडा ठेवायची पद्धत आहे. ज्या दारावर खालच्या गावांचा जीव अवलंबून असतो तिथले अभियंते एकट्या मोटरीवर विसंबत नाहीत. घरच्या दाराचंही तसंच असावं.

यात एक अडचण पुष्कळ घरांत राहून जाते. मोटर सोडवायची दोरी आतल्या बाजूला असते. पार्किंगमध्ये शिरायला शटरशिवाय दुसरी वाट नसेल आणि माणूस बाहेर असेल तर ती दोरी असून नसल्यासारखी. जुन्या वाड्यांच्या मोठ्या दरवाज्यात माणसापुरती दिंडी असायची. मोठं दार रोज उघडावं लागत नसे. नव्या घरात शटरच्या बाजूला एक छोटं दार ठेवलं तर तीच सोय होते. भिंत बांधायच्या आधीच ते ठरवावं. तेवढी जागा नसेल तर बाहेरून किल्लीने मोटर सोडवायची सोय मागून घ्यावी.

गेट, चिखल आणि मुंग्या

सगळ्यांच्या घरी शटर नसतं. राजूरच्या कडेला, शेंडीच्या रस्त्याला बंगल्यांना लोखंडी गेटं आहेत, आणि तिथे प्रश्न वेगळा होतो: सरकतं गेट की उघडतं?

दोन पाखांचं उघडतं गेट दिसायला डौलदार. त्याला प्रत्येक पाखाला एक हातासारखी मोटर लागते. पण इथली जमीन चढ-उताराची आहे. पाखं आत उघडायची तर आतली जमीन चढती नको, नाहीतर गेट घासतं. शिवाय बंगलेवाल्यांना आडोसा हवा म्हणून गेटाला सलग पत्रा मारतात. पावसाळी वाऱ्यात असं पाख शिडासारखं फुगतं आणि सगळा दाब मोटरीच्या हातावर येतो. जाळीचं किंवा पट्ट्यांचं गेट असेल तर वारा निघून जातो. काही जण जमिनीत गाडायची मोटर पसंत करतात, कारण ती दिसत नाही. राजूरपासून पश्चिमेला सरकावं तसा पाऊस वाढत जातो, आणि घाटघर-रतनवाडीकडे तो कोसळतोच. अशा भागात जमिनीतल्या पेटीत पाणी साचणार हे ठरलेलं. तिथे ही मोटर लावू नये, हे मी ठामपणे सांगेन.

सरकत्या गेटाची यंत्रणा सोपी आहे. गेटाच्या खालच्या अंगाला दात्यांची पट्टी, तिच्यात मोटरीचं दातेरी चाक. चाक फिरलं की गेट सरकतं. वाऱ्याचा त्रास कमी, आतल्या चढाचा नाहीच. पण गेट जमिनीतल्या रुळावर चालतं, आणि रूळ म्हणजे चिखलाला आमंत्रण. एका बंगल्याच्या राखणदाराने मला रूळ दाखवला. जुलैत तांबडी माती वाहून येते, त्यात खडी बसते, आणि वरून गाडीचं चाक गेलं की ती घट्ट होते. तो रोज सकाळी खराट्याच्या दांड्याने रूळ मोकळा करतो. ज्या दिवशी राहून जातं त्या दिवशी गेट अर्ध्यात थांबतं आणि मोटर उलटी फिरते. ‘मोटर खराब नाय,’ तो म्हणाला, ‘खडा हाये कुठंतरी.’ रुळाला उतार देऊन पाण्याला बाहेर वाट काढली असती तर निम्मं काम वाचलं असतं. गेट अधांतरी सरकवायचीही एक पद्धत आहे, रूळ लागतच नाही. तिला गेटाच्या जवळपास दीडपट लांबीची जागा लागते.

त्याने मोटरीची पेटीही उघडून दाखवली. सर्किटच्या हिरव्या पट्टीवर मुंग्यांचं वारूळ होऊ घातलं होतं. उबदार, कोरडी जागा शोधत मुंग्या, पाली वायरच्या भोकातून आत येतात. पालीचं शेपूट दोन टोकांना एकदम लागलं की सर्किट जळतं. गेटच्या मोटरी बंद पडण्याचं हे अगदी नेहमीचं कारण आहे. उपाय साधे: वायर येते ते भोक नीट बुजवायचं, मोटर जमिनीपासून वीतभर उंच सिमेंटच्या ओट्यावर बसवायची, आणि घेताना पाण्या-धुळीपासून संरक्षणाचा आकडा बघायचा. आयपी ४४ म्हणजे उडणाऱ्या पाण्यापासून बचाव. आयपी ५४ मध्ये धुळीचाही बंदोबस्त येतो. उघड्यावर ५४ च्या खाली जाऊ नये.

लोखंडाच्या दाराला वीज जोडली की अर्थिंगचा प्रश्न येतोच. पावसात शटरमध्ये करंट उतरल्याने माणसं मेल्याच्या बातम्या आपण दर पावसाळ्यात वाचतो. मोटरीच्या लाइनला स्वतंत्र आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच), ३० मिलिअँपिअरचा, आणि शटरच्या चौकटीला पक्की अर्थिंग. मोटरीच्या कंपनीपेक्षा या दोन गोष्टींवर जास्त लक्ष द्या.

एडिसनचं गॅरेज

माझी एक मावसबहीण न्यू जर्सीत एडिसनला राहते. तिला फोनवर हे सगळं सांगत होते तेव्हा ती म्हणाली, ‘आमच्याकडे लोक मुख्य दार विसरलेत. घरात येणं-जाणं गॅरेजमधूनच.’ अमेरिकेत वर उचललं जाणारं गॅरेजचं दार सी. जी. जॉन्सन यांनी १९२१ मध्ये काढलं आणि १९२६ मध्ये त्याला विजेवर उघडायचं यंत्र जोडलं. तिथलं दार आपल्या शटरसारखं गुंडाळत नाही. आडव्या फळ्यांचं असतं, कडेच्या रुळावरून वर जाऊन छताखाली आडवं होतं. वर जाडजूड स्प्रिंग असते आणि ती सगळं वजन तोलते. छताला टांगलेली मोटर फक्त दाराला वाट दाखवते. म्हणून तिथे अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटरही भलंमोठं दार हलवते.

तिथली निवड मोटर दार कशाने ओढते यावर चालते. साखळीची स्वस्त, टिकाऊ आणि खडखडणारी. पट्ट्याची शांत. बहिणीच्या मुलीची खोली बरोबर गॅरेजच्या वर, म्हणून त्यांनी पट्ट्याची घेतली. आटेदार दांड्याची तिसरी, आणि छत मोकळं ठेवायचं असेल तर भिंतीवर, स्प्रिंगच्या दांड्याच्या टोकाला बसणारी चौथी. आपल्याकडे खाली पार्किंग आणि वर झोपायची खोली असा नमुना रुळला आहे, पण आवाजाचा विचार कुणी करत नाही. शटरचा पत्रा तसाही वाजतो. निदान गाईडमध्ये नायलॉनची पट्टी घालून घेतली तर पहाटेच्या एसटीला निघणारा माणूस सगळं घर उठवणार नाही.

पण अमेरिकेकडून शिकण्यासारखं खरं काय ते सुरक्षेत आहे. दाराखाली सापडून मुलं दगावल्यावर तिथे कायदा झाला आणि १९९३ पासून घरच्या प्रत्येक नव्या मोटरीला दुहेरी बचाव सक्तीचा झाला: काही लागलं तर दार उलटं फिरलं पाहिजे, आणि खाली प्रकाशाचा डोळा किंवा कडेला दाबाची पट्टी हवी. २०१७ च्या वणव्यांत कॅलिफोर्नियात वीज गेल्यावर लोकांना गॅरेजची दारं उघडता आली नाहीत, काहींचा त्यात जीव गेला. त्यानंतर १ जुलै २०१९ पासून तिथे नव्या मोटरीला बॅटरी बंधनकारक झाली.

दाराखाली कोण आहे

आपल्याकडे घरच्या शटरला मोटर बसवताना हा डोळा फुकटात येत नाही. तो वेगळा मागावा लागतो आणि बहुतेक जण मागत नाहीत. गुरुजींच्या दारात मी उभी होते तेवढ्यात शेजारची तीन वर्षांची मुलगी दोनदा शटरखालून पळाली आणि एक शेळी आत येऊन भाताच्या गोणीला तोंड लावून गेली. इथे पार्किंग हे मुलांचं अंगण आहे, धान्य वाळवायची जागा आहे, पावसाळ्यात शेळ्यांचा आडोसाही आहे. अमेरिकेतल्यापेक्षा हा डोळा इथे जास्त गरजेचा आहे.

डोळा म्हणजे चौकटीच्या दोन बाजूंना समोरासमोर बसवलेल्या दोन छोट्या डब्या. एकीतून न दिसणारा किरण निघतो, दुसरी तो पकडते. मध्ये काही आलं की दार थांबतं किंवा उलटं जातं. डोळा जमिनीपासून सहा इंचांच्या आत हवा. कमरेच्या उंचीवर लावला तर रांगणारं मूल त्याच्या खालून जातं. मोटर बसवून झाल्यावर एक चाचणी मिस्त्रीच्या देखत करा: दीड इंच जाडीची लाकडी पट्टी दाराखाली आडवी टाका आणि दार बंद करा. पट्टीला टेकताच दार वर फिरलं नाही तर पैसे देऊ नका. काही शटर मोटरींत ही उलट फिरायची सोयच नसते. तशा मोटरीला बटण दाबून धरेपर्यंतच दार खाली येईल असं जोडून घ्यावं, म्हणजे बंद करणारा माणूस दारासमोर उभा राहतो.

रिमोटचंही थोडं. स्वस्त रिमोट दर वेळी एकच संकेत पाठवतात, त्याची नक्कल बाजारात सहज होते. संकेत दर वेळी बदलणारे रिमोट मागा. रिमोट हरवला तर पेटीतून सगळे जुने रिमोट पुसून उरलेले नव्याने जोडता येतात. ते कसं करायचं हे मिस्त्रीकडून लिहून घ्या. मोबाइलवरून दार उघडायची सोय डोंगरात रेंज असेल तेव्हाच कामाची, तिच्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत.

गुरुजींचं ठरलं ते

मिस्त्रीने गुरुजींना सांगितलेला क्रम मला पटला. आधी गाईड सरळ, गंजक्या पट्ट्या बदली, दोन्ही स्प्रिंगा नव्या. मग महिनाभर शटर हाताने वापरायचं. त्यानंतरही काकूंना जड गेलं तर स्प्रिंग ठेवून मधली मोटर, सहा इंचांवर डोळा, आणि बाजूच्या भिंतीत एक छोटं दार. ‘महिनाभर थांबलात तर माझी मोटर विकली जायची नाही कदाचित,’ तो म्हणाला. ‘पण शटर माझ्याच हातचं आहे, ते पडलं तर नाव माझं जाईल.’ काकूंनी लगेच हिशोब मांडला: मोटर लागली नाही तर उरलेल्या पैशांत पार्किंगच्या छताला पत्रा.

तुमच्या घरी मोटर आधीच बसवलेली असेल, तर पुढच्या सुट्टीत मुलं-पाहुणे घरी असताना एक काम करा. मेन स्विच बंद करा, मोटर सोडवायची दोरी किंवा किल्ली कुठे आहे ते सगळ्यांना दाखवा, आणि घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला दार उघडायला सांगा. त्यांना उघडता आलं नाही, तर शटरवाल्याला फोन त्याच दिवशी करा आणि आधी स्प्रिंग तपासायला सांगा.